पायाळूचा पाय

माझं लग्न माझ्या पायांमुळे ठरलं. मी दिसायला बरी होते, बीएस्सी झाले होते, इसीजी काढायचा कोर्स केला होता, वसईला बाबांची केळीची वाडी होती. यातलं काहीही मुलाच्या आईने विचारलं नाही. तिने माझ्या आईला एवढंच विचारलं, "पायाळू म्हणतात ती हीच ना?" आई म्हणाली, हीच, पाय आधी बाहेर आले हिचे, सुईण घाबरून क्रूसाची खूण करत बसली होती. मुलाच्या आईने समाधानाने मान हलवली आणि बशीतली उरलेली शेव संपवली.

ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगते. पायाकडून जन्मलेलं मूल म्हणजे पायाळू. त्याच्या पायाला गुण असतो, असं आमच्याकडे मानतात. पाठीत उसण भरली, कंबर धरली, मान लचकली की पायाळूला बोलवायचं. दुखऱ्याने पालथं पडायचं, पायाळूने दुखऱ्या जागी डावा पाय तीनदा लावायचा. हिंदूंमध्येही हे आहेच. आमच्या ख्रिस्ती घरात त्यात भर एवढीच, की दर वेळी पाय लावताना मारियेची प्रार्थना, एक 'नमो मारिया', म्हणायची आणि शेवटी पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने क्रूस काढायचा. पायाळूवर वीज पडते असंही म्हणतात. म्हणून मुलगा अबुधाबीला असतो हे कळल्यावर आईला फार बरं वाटलं. तिथे विजाच चमकत नाहीत म्हणाली. घरातल्या विजेचा विचार तिने केला नाही.

सासूबाईंची पाठ तरुणपणापासून दुखायची. भाताच्या पेंढ्या वाहून वाहून दुखायची, हे मान्य आहे. गावात एक पायाळू म्हातारा होता, तो वारला आणि वर्षभरात त्यांनी मला शोधून काढलं. सून आणायची ती पाठ बघून, असा हिशेब. माझं सिझेरियन होऊन सहाच दिवस झाले असताना त्यांनी मला पलंगावरून उठवून पाय लावायला लावला होता. एका पायावर उभं राहून दुसरा उचलायचा म्हणजे पोटाचं काय होतं ते ज्या बाईचं पोट शिवलंय तिला विचारा. एक टाका उसवला. त्या म्हणाल्या, "माझ्या वेळी आम्ही तिसऱ्या दिवशी विहिरीवर." पुढे एकदा इथे अबुधाबीत जिन्यात पडून माझ्या डाव्या पायाला प्लास्टर आलं, तेव्हा त्यांचे पहिले शब्द होते, "उजवा मोडला असता तर चाललं असतं."

सासरे गेल्यावर त्या कायमच्या आमच्याकडे आल्या. अबुधाबीच्या कडेला मुसफ्फाच्या शाबिया वस्तीत आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट. नवरा ऑफशोअरला, तेलाच्या रिगवर, चार आठवडे समुद्रात, चार आठवडे घरी. एका खोलीत आम्ही, दुसरीत सासूबाई आणि माझी मुलगी. सासूबाईंनी येताना एक अख्खी बॅग औषधांची आणली होती. फादरनी आशीर्वाद दिलेलं मीठ, सुक्या मिरच्या, ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारची चर्चमधून आणलेली वाळलेली झावळी, गेरूचा खडा, हळकुंडं, कुठल्याशा मुळ्या. कुणाला ताप आला, पोरगी परीक्षेत नापास झाली, नवऱ्याचं प्रमोशन हुकलं, की यांची दृष्ट काढायची तयारी. मीठमिरच्या ओवाळून तव्यावर टाकायच्या, वर झावळीचं पान जाळायचं. पहिल्यांदा केलं तेव्हा छतावरचा धुराचा अलार्म किंचाळायला लागला आणि वॉचमन आग विझवायची लाल नळकांडी घेऊन वर आला. दुसऱ्या वेळेपासून त्या अलार्मला आंघोळीची प्लास्टिकची टोपी घालायच्या. पवित्र पाणी लबानच्या रिकाम्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवायच्या. माझी मुलगी एकदा ते ताक समजून प्यायली. सासूबाई म्हणाल्या, चांगलंच झालं, आतून शुद्ध होईल.

आमचे फादर एकदा घराला आशीर्वाद द्यायला आले होते. त्यांनी ही सगळी मांडामांड बघून हळूच सांगितलं, "आजी, देवावर विश्वास ठेवा, मिरच्यांवर नको." सासूबाईंनी त्यांना चहा दिला, केक दिला, हात जोडले. ते गेल्यावर म्हणाल्या, "यांची कंबर धरेल तेव्हा बघू."

शनिवारच्या मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, आमच्याकडे रांग लागायची. चर्चच्या बायका, त्यांच्या ओळखीच्या बायका. हॉलमध्ये सतरंजी पसरायची, एकेकीने पालथं पडायचं. मी डावा पाय धुऊन यायचं. सासूबाई सोफ्यावर बसून व्यवस्था बघायच्या, "हां, आता तू. ब्लाउज वर कर. अगं, तिकडे नव्हे, खाली लाव पाय." गुण आल्यावर आभार मानायचे नाहीत असा नियम होता, मानले तर दुखणं परत येतं. त्यामुळे वीस वर्षांत मला कुणी थँक्यू म्हणालेलं नाही. वर, मोठ्यांना पाय लावणं हे पाप, म्हणून प्रत्येक म्हातारीला पाय लावून झाला की मी गुडघ्यावर बसून तिचा आशीर्वाद मागायचा. लाथ मारायची मी आणि माफीही मागायची मीच.

खालच्या मजल्यावर पुण्याच्या एक बाई राहतात, बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत. त्यांच्या घरी गणपती, आमच्या घरी क्रूस, पण पाठ सगळ्यांना सारखीच. त्या यायच्या आणि सतरंजीवर पडता पडता म्हणायच्या, "माझा बिलीव्ह नाहीये हं ह्याच्यावर, पण लाव तू. फिजिओवाला एका सेशनचे अडीचशे दिरहॅम घेतो गं, म्हणजे सहा हजार रुपये झाले."

या सगळ्या खटाटोपात मला शहाणी समजणारं एकच माणूस होतं, माझी मुलगी. ती सतरंजी दिसली की कानात इअरफोन घालून खोलीत जायची. एकदा मला म्हणाली, "ममा, यू आर द ओन्ली नॉर्मल पर्सन इन धिस हाऊस. व्हाय डू यू डू इट?" मी म्हटलं, आजीचं मन राहतं. ती म्हणाली, "यू आर टू काइंड." तिला डॉक्टर व्हायचं आहे. मी क्लिनिकातून जुन्या इसीजीच्या पट्ट्या, नावं कापून, तिला आणून द्यायची आणि आम्ही दोघी जेवणाच्या टेबलावर त्या वाचायचो. त्या पट्ट्या वाचताना ती माझ्याकडे ज्या नजरेने बघायची तेवढ्यावर मी या घरात तग धरून होते. बाकी कुणाचं माझ्याबद्दल काय मत आहे याची मला फिकीर नव्हती.

आता त्या मंगळवारचं सांगते.

माझी क्लिनिकातली सकाळची शिफ्ट. दिवसाला तीस-चाळीस छात्यांना वायरी चिकटवते मी. बहुतेक कामगारांच्या कॅम्पमधली पोरं असतात, वर्कशॉपमधले वेल्डर, ड्रायव्हर. छातीत दुखतं असं सांगणारे निम्मे घाबरलेले असतात आणि पाठ दुखते, पित्त झालंय असं सांगणाऱ्यांपैकी एखादा खरोखर मरायला टेकलेला असतो. तो ओळखायला मला आता मशीनही लागत नाही. घामावरून कळतं, ओठांच्या रंगावरून कळतं.

पावणेदोनला घरी आले. सासूबाई पलंगाच्या काठावर बसल्या होत्या. एसी बावीसवर होता आणि त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता. ओठ राखाडी. एक हात डाव्या खांद्यामागे नेऊन त्या पाठ चोळायचा प्रयत्न करत होत्या, आणि आंबट ढेकर देत होत्या. त्यांना बारा वर्षांचा मधुमेह. मधुमेहवाल्यांना छातीत दुखेलच असं नाही, हे मी माझ्या मुलीला स्वतः शिकवलं होतं.

"कधीची वाट बघतेय," त्या म्हणाल्या. "उसण भरलीय. पाय लाव."

मी म्हटलं, "आई, ही उसण नाही. हृदयाचं वाटतंय. आपण हॉस्पिटलला जाऊया."

"तुझी मशीन तुझ्या दवाखान्यात ठेव. मला शिकवतेस? पाय लाव म्हटलं ना."

एकदाच सांगितलं मी. दुसऱ्यांदा सांगितलं नाही. कुठल्याही पेशंटला मी तीनदा सांगते, ओरडून सांगते, त्याच्या फोरमनला फोन करते. इथे मी एकदा सांगितलं आणि बाथरूममध्ये जाऊन पाय धुऊन आले.

त्या पालथ्या पडल्या. मॅक्सी पाठीला घामाने चिकटली होती, ती ओल माझ्या तळव्याला लागली. नमो मारिया. एकदा. नमो मारिया. दोनदा. श्वास घेताना त्यांची पाठ कशी उचलत होती, ते मला पायातून कळत होतं. नमो मारिया. तिसऱ्या वेळी मी नेहमीपेक्षा जोर दिला. त्या कण्हल्या आणि म्हणाल्या, "आणखी एकदा." मी आणखी एकदा लावला. मग गुडघ्यावर बसून आशीर्वाद मागितला. त्यांनी हात उचलला आणि तो अर्ध्यावरून गादीवर पडला.

मी स्वयंपाकघरात गेले. चहा ठेवला. फोन ओट्यावर होता, ॲम्ब्युलन्सचा नंबर तीन आकडी, लहान मुलालाही पाठ असतो. मी चहा गाळला, बिस्किटं काढली आणि स्टुलावर बसून प्यायले. रागाने माझे हात थरथरत होते असं लिहायला आवडलं असतं. ते थरथरत नव्हते. मला बरं वाटत होतं. सुंठीवाचून खोकला जाईल, असं माझ्या मनात आलं, याच शब्दांत, आणि मी ते मनातून घालवलं नाही. आज्ञा त्यांची होती, मी पाळली होती. इतकी आज्ञाधारक सून कुठल्या सासूला मिळते? मी दुसरा कप घेतला. आतून दोनदा कण्हण्याचा आवाज आला, आणि मग येईनासा झाला तेव्हा मी नळ सोडून भांडी घासायला घेतली.

साडेतीनला मुलगी शाळेच्या बसमधून उतरून वर आली. ती दप्तर ठेवायला खोलीत गेली आणि तिथूनच किंचाळली, "ममा! आजी इज ग्रे! कम हिअर! व्हॉट आर यू डूइंग?" मी जाईपर्यंत तिनेच फोन लावला होता. ॲम्ब्युलन्स अकरा मिनिटांत आली.

इमर्जन्सीत एक पाकिस्तानी डॉक्टर होता, तरुण, थकलेला. त्याने इसीजीच्या पट्टीकडे बघितलं, मीही बघितली, लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्याने विचारलं, "दर्द कब शुरू हुआ?"

माझी मुलगी शेजारी उभी होती, युनिफॉर्ममध्ये. मी म्हटलं, "आधा घंटा हुआ, डॉक्टर."

"पक्का?"

सासूबाईंच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. त्यांनी तो दोन बोटांनी बाजूला केला, माझ्याकडे बघितलं आणि त्याला सांगितलं, "हां. अभी अभी हुआ."

त्या वाचल्या. नळी घालून अडलेली रक्तवाहिनी उघडली, आत जाळी बसवली, पण हृदयाचा खालचा भाग निकामी झाला तो झालाच. दुसऱ्या दिवशी डॉक्टर रिपोर्ट बघत म्हणाला की अर्ध्या तासात इतकं नुकसान सहसा होत नाही, पण शुगरवाल्यांचं काही सांगता येत नाही. माझ्या मुलीने माझा हात धरला होता. "थँक गॉड यू वर होम, ममा," ती म्हणाली.

घरी आणल्यावर, मुलगी शाळेत गेलेली असताना, मी सासूबाईंना विचारलं, डॉक्टरला खोटं का सांगितलंत?

"पोलीस केस झाली असती," त्या म्हणाल्या. बोलताना धाप लागत होती, तरी स्वर तोच. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. "पोराचा व्हिसा गेला असता. पोरीची शाळा गेली असती." मग म्हणाल्या, "आणि पाय लागतो मला."

नवरा समुद्रावरून आला. त्याने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "आईला तू वाचवलंस." वीस वर्षांत एवढ्या प्रेमाने तो पहिल्यांदाच बोलला असेल.

मी पापनिवेदनाला गेले. मराठी समजणारे फादर सुट्टीवर होते, एका फिलिपिनो फादरसमोर इंग्लिशमधून सांगावं लागलं. मी म्हटलं, सासूला मदत करायला मी उशीर केला. किती उशीर, का केला, ते जिभेवर आलं नाही. फादर अतिशय मायाळू होते. म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्यांवर फार ताण असतो, स्वतःला दोष देऊ नकोस, असं म्हणाले आणि प्रायश्चित्त म्हणून तीन 'नमो मारिया' दिल्या. तीन! मी उठून बाहेर आले. म्हटल्या नाहीत मी त्या, आजतागायत.

तीन महिन्यांनी सासूबाईंनी हट्ट धरला की मराठी प्रार्थना गटात साक्ष द्यायची. साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. चर्चच्या आवारातला हॉल भरलेला होता. मी त्यांची व्हीलचेअर पुढे नेली, माईक खाली करून दिला. त्या म्हणाल्या, "डॉक्टरांनी हात टेकले होते. पण माझ्या सुनेने पाय लावला, मारियेचं नाव घेतलं, म्हणून हॉस्पिटलपर्यंत माझा जीव टिकला. मी म्हटलं एकदा लाव, तिने चारदा लावला. अशी सून देव सगळ्यांना देवो." टाळ्या वाजल्या. हालेलूया झालं. मी त्यांच्या मागे, व्हीलचेअरच्या दांड्या धरून उभी होते. त्यांनी मान वळवून माझ्याकडे वर बघितलं. चार हा आकडा त्यांनी माझ्यासाठी उच्चारला होता हे मला कळलं. त्यांना सगळं आठवत होतं आणि त्या मला सोडणार नव्हत्या.

त्यानंतर रांग जिन्यापर्यंत गेली. उसणवाल्या बायका होत्याच, आता छातीत धडधडतं म्हणून येणाऱ्याही आल्या. दुबईहून गाडी करून येऊ लागल्या. मी म्हणायची डॉक्टरकडे जा, तर त्या हसून म्हणायच्या, "डॉक्टर काय करणार, आजींच्या वेळी बघितलं ना." मी म्हटलं माझा पाय दुखतो. सासूबाई म्हणाल्या, "देवाने दिलेलं नाकारू नये गं. देव तारी त्याला कोण मारी." आणि माझ्याकडे बघून हसल्या. त्यांना माझी भीती वाटायला हवी होती. तसं काही नव्हतं, आता मीच त्यांच्या मुठीत होते आणि तो खेळ त्यांना आवडत होता.

त्यातच मुलीने मेडिकलच्या अर्जासाठी निबंध लिहिला. मला डॉक्टर का व्हायचं आहे, असा विषय. तिने तो मला टेबलावर वाचून दाखवला. त्यात होतं की माझी आई टेक्निशियन आहे, ती अंधश्रद्धेने भरलेल्या घरात एकटी विज्ञान धरून राहिली, आणि आजीला ॲटॅक आला त्या दिवशी घाबरलेल्या मला तिच्या शांतपणाने धीर दिला. "इज इट टू मच?" तिने विचारलं. मी म्हटलं, चांगलं आहे, एक दोन ठिकाणी स्पेलिंग बघ. मग बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं.

एका रविवारी संध्याकाळी पुण्याच्या बाई वर आल्या. नवरा घरी होता, मुलगी टेबलावर अभ्यास करत होती, सासूबाई त्यांच्या टेकून बसायच्या खुर्चीत. बाईंचा चेहरा पांढराफटक, वरच्या ओठावर घाम. डाव्या खांद्याखाली मुठीने दाबत म्हणाल्या, "सकाळपासून कॅच आलाय गं इथे. श्वास घेववत नाही. लाव ना जरा पाय, प्लीज."

मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला जा. यांना सांगते, गाडी काढतील."

"अगं, उद्या माझं प्रेझेंटेशन आहे. तिथे गेलं की ॲडमिट करतात. तू लाव, खलास, मी जाते घरी." आणि त्या सतरंजी शोधायला लागल्या. सतरंजी सोफ्यामागे असते हे त्यांना ठाऊक होतं, त्यांनीच ती ओढून पसरली.

"मी लावणार नाही."

"मावशींना नाही का तुझ्याच पायाने..."

"लाव गं," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. "बिचारी जिना चढून आलीय. चारदा लाव."

बाई पालथ्या पडल्या. मुलीने कानातले इअरफोन काढले, कारण माझा आवाज चढला होता. मी त्या पाठीकडे बघितलं, घामाने कुर्ता चिकटला होता. आणि मी बोलले. मुलीकडे न बघता बोलले, बघितलं असतं तर जमलं नसतं.

"आईंना माझ्या पायाने काही गुण आलेला नाही. मी घरी आले तेव्हा पावणेदोन वाजले होते. मला बघताक्षणी कळलं होतं की ॲटॅक आहे. मी पाय लावला आणि चहा पीत बसले. साडेतीनपर्यंत. यांनी मरावं म्हणून बसले. हिने फोन केला म्हणून या जगल्या. डॉक्टरला अर्धा तास सांगितलं ते खोटं होतं. आता उठा आणि हॉस्पिटलला जा."

बाई उठल्या. हृदयाच्या भीतीने उठल्या की माझ्या, कोण जाणे. चपलाही न घालता त्या खाली गेल्या, आपल्या नवऱ्याला हाका मारत. सतरंजीवर त्यांचा चष्मा राहिला.

खोलीत पहिल्यांदा बोलल्या त्या सासूबाई. "मी झाकलं होतं," त्या म्हणाल्या. "तूच उघडं केलंस."

नवरा म्हणाला, "परक्या बाईसमोर बोलायची काय गरज होती?" माझ्या करण्याबद्दल त्याने तेव्हाही काही विचारलं नाही आणि नंतरही नाही. सुट्टी आठवडाभर बाकी असताना तो रिगवर परत गेला.

आठ वाजता पुण्याच्या बाईंचा मेसेज आला. इसीजी नॉर्मल, रक्ताच्या टेस्ट नॉर्मल, आदल्या दिवशी महाराष्ट्र मंडळात मिसळ जास्त झाली होती, गॅस. शेवटी वर केलेल्या अंगठ्याचं चित्र. मी तो मेसेज उभ्याने वाचला आणि हसले. दुसरं काय करणार? त्यांचा चष्मा मी दुसऱ्या दिवशी दाराबाहेर ठेवून आले, दार कुणी उघडलं नाही. शनिवारची रांग बंद झाली. चर्चमध्ये मी बसते त्या बाकावर आता जागाच जागा असते. सासूबाईंच्या पाठीला मी अजून रोज पाय लावते, त्या लावून घेतात, आशीर्वादही देतात. त्यांचं माझ्यावाचून अडतं आणि माझ्याशी वैर धरण्याएवढी ताकद त्यांच्यात उरलेली नाही.

मुलगी माझ्याशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने तो निबंध काढून टाकला आणि दुसरा लिहिला, तो मला वाचून दाखवला नाही. जेवताना 'पास द सॉल्ट' म्हणते, तेव्हा ममा म्हणत नाही. सासूबाईंच्या गोळ्या मी दर रविवारी आठवड्याच्या डबीत भरते, सकाळच्या, दुपारच्या, संध्याकाळच्या, आणि ती डबी फ्रिजवर ठेवते. सकाळी शाळेत जायच्या आधी मुलगी ती डबी खाली घेते, एकेक कप्पा उघडून फोनवरच्या यादीशी गोळ्या ताडून बघते. सकाळच्या आजीच्या हातावर ठेवते, दुपारच्या कागदात बांधून तिच्या उशीखाली. मग मी समोर उभी असते, तिचा डबा हातात घेऊन, आणि ती गोळ्यांची डबी दप्तरात घालते, चेन लावते आणि शाळेत घेऊन जाते.